काचेच्या इमर्जन्सी एक्झिटवर पडदा, फिल्म किंवा पोस्टर लावलं तर चालतं का?

अभ्यासिका, क्लास, जिम, कॅफे, ऑफिस. आपण दिवसाचे कितीतरी तास अशा जागांमध्ये काढतो. आत शिरायचं दार सगळ्यांना माहीत असतं. पण मागच्या किंवा बाजूच्या भिंतीत आणखी एक दार असतं, बऱ्याचदा काचेचं, आणि त्यावर हिरवी 'एक्झिट'ची पाटी असते. त्या दाराची अवस्था कधी नीट पाहिली आहे का?

मी हल्ली कुठेही गेलो की आधी ते दार शोधतो. जे दिसतं ते साधारण असं असतं: ऊन येतं म्हणून काळी फिल्म, बाहेरून कोणी बघू नये म्हणून पडदा, निकाल लागला की यशस्वी विद्यार्थ्यांच्या फोटोंचा फ्लेक्स. एका अभ्यासिकेत तर त्या दारावर जगाचा नकाशा चिकटवला होता आणि खाली चपलांचा रॅक होता. तिथे सहा महिने बसणाऱ्या एका मुलाला मी विचारलं, "इथून बाहेर जायला दुसरं दार कुठे आहे?" तो म्हणाला, "दुसरं दारच नाहीये." दार त्याच्या पाठीमागे चार फुटांवर होतं.

मग काचेच्या इमर्जन्सी दारावर नेमकं काय लावता येतं, काय नाही, आणि का? ते या लेखात बघू. शेवटी तुमच्या फोनने करता येतील अशा चार सोप्या टेस्टही दिल्या आहेत.

थोडक्यात उत्तर

दारावर काहीही लावण्याआधी हे तीन प्रश्न विचारायचे:

1. यामुळे ते दार आहे हे ओळखायला त्रास होईल का?
2. यामुळे ते उघडायला एक जास्तीची कृती करावी लागेल का?
3. ही वस्तू पटकन पेट घेईल किंवा खूप धूर करेल का?

एकाही प्रश्नाचं उत्तर "हो" असेल, तर ती वस्तू त्या दारावर नको. बाकी सगळे नियम या तीन प्रश्नांतूनच निघतात.

दार "दिसणं" एवढं महत्त्वाचं का?

आग लागली की माणसं जवळचं दार शोधतील असं आपल्याला वाटतं. प्रत्यक्षात बहुतेक जण ज्या दाराने आत आले त्याच दाराकडे धावतात, कारण तोच रस्ता ओळखीचा असतो. अमेरिकेत ऱ्होड आयलंड राज्यातल्या 'द स्टेशन' नाइटक्लबला 20 फेब्रुवारी 2003 ला आग लागली. तिथे बाहेर पडायला इतर दारं होती, तरी बहुतेकांनी पुढचं मुख्य दार गाठायचा प्रयत्न केला. दोन मिनिटांच्या आत त्या दारात माणसांचा खच पडला आणि रस्ता बंद झाला. त्या आगीत 100 जणांचा जीव गेला.

म्हणजे दुसरं दार नुसतं असून भागत नाही. ते गोंधळात, न शोधता नजरेत भरलं पाहिजे.

झाकलेल्या दारांचं सगळ्यात भयंकर उदाहरण त्याच्या शंभर वर्षं आधीचं आहे. 30 डिसेंबर 1903 ला शिकागोच्या इरोक्वॉय थिएटरमध्ये दुपारच्या खेळाला आग लागली आणि 600 हून जास्त माणसं मेली. थिएटर अगदी नवं होतं. पण बाहेर पडायची काही दारं पडद्यांमागे झाकलेली होती. काहींवर अशा कड्या होत्या की त्या कशा उघडायच्या हेच प्रेक्षकांना कळेना. मॉल आणि मल्टिप्लेक्सच्या दारावर तुम्ही जो आडवा दांडा बघता, अंगाने ढकलला तरी दार उघडणारा 'पॅनिक बार', तो या आगीनंतरच प्रचारात आला.

आपल्याकडची उदाहरणंही फार लांबची नाहीत. दिल्लीच्या उपहार सिनेमात 13 जून 1997 ला 59 जण गेले, तिथे बाहेर पडायची दारं बंद होती. मुंबईत कमला मिल परिसरात 29 डिसेंबर 2017 च्या मध्यरात्री रूफटॉप रेस्टॉरंटला आग लागून 14 जण गेले. त्यातले बरेच जण बाहेरचा रस्ता न सापडल्याने स्वच्छतागृहात शिरले आणि गुदमरले. सुरतच्या तक्षशिला आर्केडमध्ये 24 मे 2019 ला क्लासमधल्या मुलांना खिडक्यांतून उड्या माराव्या लागल्या. तिथे 22 जीव गेले, जवळजवळ सगळे तुमच्याच वयाचे.

नियम काय म्हणतात?

भारतात इमारतींच्या सुरक्षेचा मुख्य दस्तऐवज म्हणजे भारतीय मानक ब्युरोची 'राष्ट्रीय इमारत संहिता 2016'. तिचा चौथा भाग फक्त आग आणि जीवसुरक्षेवर आहे. आपल्या कामाच्या अटी अशा:

- बाहेर पडायचे सगळे मार्ग अडथळ्यांपासून मोकळे हवेत.
- एक्झिट स्पष्ट दिसली पाहिजे आणि तिथपर्यंतचा रस्ता पाट्यांनी दाखवलेला हवा.
- एक्झिटचं दार आतल्या बाजूने किल्लीशिवाय उघडलं पाहिजे.
- एक्झिटच्या दारावर किंवा वाटेत आरसा लावायचा नाही, कारण त्यामुळे दिशेचा गोंधळ होतो.

अमेरिकेची अग्निसंहिता आणखी स्पष्ट आहे. एक्झिटच्या दारावर आरसा नको, आणि एक्झिट झाकली जाईल किंवा अडेल असा पडदा नको, असं तिथे थेट लिहिलं आहे. शाळांच्या वर्गात भिंतीवर किती कागद आणि चित्रं लावायची यालाही तिथे मर्यादा आहे: स्प्रिंकलर नसेल तर भिंतीच्या 20 टक्क्यांपर्यंत, सगळीकडे स्प्रिंकलर असतील तर 50 टक्क्यांपर्यंत. कागद दिसायला साधा, पण भिंतभर लावला की तो आगीला पुढे सरकायला वाट करून देतो.

महाराष्ट्रात यामागे कायदा उभा आहे: 'महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीव संरक्षक उपाययोजना अधिनियम, 2006'. अग्निसुरक्षेची साधनं चालू स्थितीत ठेवायची जबाबदारी जागेचा मालक आणि ती वापरणारा, दोघांवर येते. म्हणजे "मी तर भाड्याने घेतलीय जागा" हे क्लासवाल्याचं उत्तर चालत नाही.

खरा घोटाळा: रात्री आरसा बनणारी फिल्म

हा भाग नीट वाचा, कारण ही चूक सगळ्यात जास्त दिसते आणि ती चूक आहे हे कोणाच्या लक्षातच येत नाही.

चकचकीत सनफिल्म, जिला दुकानदार 'वन वे' म्हणतात, तिच्यात काही जादू नसते. फिल्मवर धातूचा अतिशय पातळ थर असतो. तो थोडा प्रकाश आरपार सोडतो आणि बराचसा परत फेकतो. ज्या बाजूला उजेड जास्त, त्या बाजूला परत फिरलेला प्रकाश जास्त, म्हणून त्या बाजूने ती आरशासारखी दिसते. अंधाऱ्या बाजूला उभ्या माणसाला मात्र पलीकडचं दिसतं.

दिवसा बाहेर ऊन असतं. म्हणून बाहेरच्याला आरसा दिसतो आणि आतल्याला रस्ता. मालक खूश, प्रायव्हसी मिळाली.

आता रात्रीचे नऊ वाजलेत. आत ट्यूबलाइट, बाहेर अंधार. गणित उलटं होतं. आतल्या माणसाला आरसा दिसतो आणि बाहेरच्याला आतलं सगळं. म्हणजे रात्री प्रायव्हसीही नाही, आणि तुमच्या एक्झिटच्या दारावर अख्खा आरसा उभा! तोच आरसा, जो संहितेने नको म्हटलाय. घाबरलेल्या माणसाला त्या दारात बाहेर जायचा रस्ता दिसत नाही. दिसतात आपल्याच दिशेने धावत येणारी माणसं आणि मागची खोली.

काळ्या, न चमकणाऱ्या फिल्मचा त्रास वेगळा. लाइट गेले की काळी काच आणि काळी भिंत यात फरकच उरत नाही. साध्या काचेतून निदान रस्त्यावरच्या दिव्याचा उजेड आत येतो आणि "बाहेर इकडे आहे" हे कळतं. काचेच्या दाराचा सगळ्यात मोठा फायदा हाच. तो फिल्म लावून आपणच घालवतो.

मग काच अगदी कोरी ठेवायची का?

नाही. अगदी स्वच्छ, कोरी काचसुद्धा धोक्याची. धावत आलेला माणूस तिच्यावर थेट आपटू शकतो. म्हणून काचेवर नजरेला दिसेल अशी खूण हवी. ब्रिटनच्या इमारत नियमांत यासाठी दोन उंची सांगितल्या आहेत: जमिनीपासून 850 ते 1000 मिलिमीटर, आणि 1400 ते 1600 मिलिमीटर. बँकेच्या किंवा ऑफिसच्या काचेवर ज्या पांढऱ्या पट्ट्या किंवा ठिपके दिसतात, ते या कामासाठी असतात. नुसती सजावट नव्हे.

आता एकेक वस्तू बघू.

चालतं:
- फ्रॉस्टेड पट्टी किंवा ठिपके, वर-खाली काच मोकळी ठेवून.
- 'ढकला' किंवा 'पुश' असा छोटा स्टिकर, हँडलजवळ.
- एक्झिटची पाटी, बाणाची खूण, अंधारात चमकणारी पट्टी.

विचारून, तपासून:
- पूर्ण फ्रॉस्टेड फिल्म. मुलींचं होस्टेल, दवाखाना, तळमजल्यावरची जिम, अशा ठिकाणी प्रायव्हसीची गरज खरी असते. फ्रॉस्टेड फिल्म चमकत नाही आणि उजेड आत येऊ देते, म्हणून ती काळ्या किंवा चमकदार फिल्मपेक्षा बरीच बरी. पण दाराची चौकट, हँडल आणि पाटी ठळक दिसली पाहिजे, आणि पलीकडे कोणी उभं आहे का हे कळायला काचेचा थोडा भाग मोकळा हवा.
- जिन्याकडे उघडणाऱ्या फायर डोअरच्या काचेवरची कुठलीही फिल्म. याचं कारण पुढे सांगतो.

अजिबात नाही:
- पडदा, मग तो "सरकवता येतो" असा का असेना.
- आरसा किंवा आरशासारखी फिल्म.
- फ्लेक्स, थर्माकोल, अख्ख्या दाराएवढा पोस्टर.
- भिंतीसारखा किंवा पुस्तकांच्या कपाटासारखा दिसणारा प्रिंट. इन्स्टावर छान दिसतो, आगीत दार गायब करतो.
- प्लायवूड, कुलूपवाली जाळी, समोर ठेवलेला रॅक, कुंडी, वॉटर कूलर.

पडद्याला एवढा विरोध का? एक तर तो दार झाकतो. दुसरं, तो हँडलमध्ये अडकतो. तिसरं, तो पेटतो, आणि तोही उभा पेटतो. उभ्या कापडावर आग खालून वर फार वेगाने चढते. थर्माकोल वितळून जळते थेंब पाडतं आणि दाट काळा धूर सोडतं. फ्लेक्स पीव्हीसीचा असतो, त्याच्या धुरात हायड्रोजन क्लोराइडसारखे डोळे आणि घसा जाळणारे वायू असतात. ज्या दारातून जीव वाचवायचा, त्याच दारावर आपण हे सगळं टांगून ठेवतो.

"काच आहे, वेळ आली तर फोडू!"

हे वाक्य मी बऱ्याच मालकांकडून ऐकलंय. यात दोन अडचणी आहेत.

पहिली, दुकानाच्या दाराची काच साधी नसते. ती बहुतेक वेळा 'टफन ग्लास' असते, काचेला तापवून झटकन थंड करून मजबूत केलेली. सपाट हाताने, खांद्याने किंवा प्लास्टिकच्या खुर्चीने ती सहज फुटत नाही. फुटली की तिचे बारीक खडे होतात, हे खरं. पण तिच्यावर फिल्म चिकटवलेली असेल तर ते खडे फिल्मला धरून राहतात आणि अख्खा तुकडा लोंबकळत जागेवरच राहू शकतो. 'सेफ्टी फिल्म'चं तर कामच ते असतं.

दुसरी, फायर डोअर आणि साधं काचेचं दार या वेगळ्या गोष्टी आहेत. फायर डोअर ठरावीक वेळ आग अडवून धरतं, त्यामुळे जिना धुरापासून वाचतो. त्यातली काच खास असते. काही प्रकारांत काचेच्या थरांमध्ये असा पदार्थ असतो जो उष्णतेने फुगतो, अपारदर्शक होतो आणि पलीकडे जाणारी उष्णता रोखतो. असं दार काच, चौकट आणि बिजागऱ्यांसह एकत्र तपासून प्रमाणित केलेलं असतं. त्यावर नंतर बाजारातली फिल्म चिकटवली की तपासलेलं दार आणि लावलेलं दार एक राहत नाही. म्हणून दार बनवणाऱ्या कंपनीने लेखी "चालेल" म्हटल्याशिवाय फिल्म लावू नये. काचेच्या कोपऱ्यात रेटिंगचा छोटा शिक्का असतो, तोही झाकायचा नाही.

दार दिसतंय, पण उघडतंय का?

काचेच्या दारांवर कुलपांचे तीन प्रकार हमखास दिसतात.

*साखळी किंवा सायकलचं लॉक.* दोन उभ्या हँडलमधून घातलेलं. माणसं आत असताना हे असणं म्हणजे दार नसणंच.

*खालचं किल्लीचं लॉक.* काचेच्या तळाशी स्टीलच्या पट्टीत. धुरात, वाकून, किल्ली शोधून कोणी उघडणार?

*मॅग्नेटिक लॉक.* फेस किंवा कार्ड दाखवून उघडणारी दारं. वरच्या चौकटीत विद्युत चुंबक असतो. वीज चालू तोवर तो दाराची लोखंडी पट्टी घट्ट धरून ठेवतो, बरीच मॉडेल अडीचशे किलोपेक्षा जास्त जोराने. वीज गेली की चुंबक सुटतो. म्हणून याला सुरक्षित मानतात, आणि तत्त्व बरोबरच आहे. पण आपल्याकडे लाइट जातात म्हणून बॅटरी बॅकअप जोडलेला असतो! मेन स्विच पडला तरी बॅटरीवर लॉक चालूच राहतं. म्हणून ते फायर अलार्मला जोडलेलं हवं: अलार्म वाजला की लॉक सुटलं पाहिजे. शिवाय आतल्या बाजूला एक्झिट बटण हवं. अमेरिकी नियमांत ते दारापासून दीड मीटरच्या आत आणि जमिनीपासून साधारण 1 ते 1.2 मीटर उंचीवर असावं लागतं, आणि ते दाबलं की लॉकची वीज थेट तुटली पाहिजे. दारावरचा पोस्टर हे बटण झाकत असेल, तर पोस्टर आधी काढा.

तुमच्या फोनने करायच्या चार टेस्ट

1. फोटो टेस्ट. तुमच्या नेहमीच्या जागेवर बसून, झूम न करता, त्या दाराच्या दिशेने फोटो काढा. तिथे कधीच न आलेल्या मित्राला पाठवा आणि विचारा, "यात बाहेर जायचं दार कुठे आहे?" पाच सेकंदांत सांगता आलं नाही, तर दार झाकलेलं आहे.

2. रात्रीची टेस्ट. अंधार पडल्यावर, आतले दिवे चालू असताना दारासमोर उभे राहा. बाहेरचं दिसण्याऐवजी तुमचाच चेहरा सेल्फीसारखा स्पष्ट दिसतोय? मग ती आरशाची फिल्म असू शकते.

3. एका हाताची टेस्ट. मालकाला किंवा मॅनेजरला सांगून, एका हातात फोन धरून दुसऱ्या हाताने दार उघडा. एकाच धक्क्यात उघडलं पाहिजे. पडदा बाजूला करणं, कडी काढणं, किल्ली फिरवणं यातलं काहीही लागलं तर नापास.

4. पलीकडची टेस्ट. दार उघडून पलीकडचा फोटो काढा. जिना किंवा मोकळी जागा दिसते की जुन्या खुर्च्या आणि झाडूचं सामान?

आणि एक गैरसमज काढून टाका. "धूर झाला तर फोनचा टॉर्च आहे ना" असं खूप जणांना वाटतं. दाट धुरात टॉर्च तसाच वागतो जशी घाटात धुक्यात गाडीची हेडलाइट: प्रकाश कणांवर आपटून परत डोळ्यात येतो आणि समोर पांढरी भिंत दिसते. गरम धूर आधी छताजवळ साठतो आणि खाली उतरत येतो. त्यामुळे वरची एक्झिटची पाटी लवकर दिसेनाशी होते, तर जमिनीजवळ थोडा वेळ हवा आणि नजर दोन्ही मिळतात. वाकून, भिंतीच्या कडेने जायचं. पण कुठल्या दिशेला जायचं, हे आधीच माहीत हवं.

दार झाकलेलं सापडलं तर?

आधी सरळ बोला. बहुतेक वेळा वाईट हेतू नसतो. कोणी सांगितलेलंच नसतं. हा मेसेज कॉपी करून पाठवू शकता:

"नमस्कार सर, आपल्या हॉलमधल्या मागच्या काचेच्या दारावर पोस्टर आणि पडदा आहे. ती इमर्जन्सी एक्झिट असल्यामुळे ती दिसणं आणि आतून किल्लीशिवाय उघडणं गरजेचं आहे. पोस्टर बाजूच्या भिंतीवर हलवता येईल का? उन्हाचा त्रास असेल तर फ्रॉस्टेड पट्टी लावता येईल. फोटो सोबत पाठवतोय."

उत्तर म्हणून "फायर ब्रिगेडने पास केलंय" असं आलं तर नम्रपणे विचारा, "या वेळचा बी फॉर्म बघायला मिळेल का?" महाराष्ट्रात अग्निसुरक्षेची यंत्रणा नीट चालू असल्याचं परवानाधारक एजन्सीचं प्रमाणपत्र वर्षातून दोनदा, जानेवारी आणि जुलैमध्ये द्यावं लागतं. तोच हा बी फॉर्म. तपासणीच्या दिवशी मोकळं असलेलं दार आज झाकलं असेल, तर जुन्या कागदाचा काही उपयोग नाही.

तरीही काही हललं नाही, तर तारखेसह फोटो काढून महापालिकेच्या अग्निशमन विभागाकडे लेखी तक्रार करा. महापालिकेचं तक्रार अ‍ॅप किंवा राज्याचं 'आपले सरकार' पोर्टल वापरता येतं. दोष सापडला तर नोटीस द्यायचा, आणि धोका मोठा असेल तर जागा सील करायचा अधिकार अग्निशमन यंत्रणेला आहे. प्रत्यक्ष आगीत मात्र फोटो, व्हिडिओ काही नाही. आधी बाहेर पडा, मग 101 किंवा 112.

पोस्टर हलवायला दहा मिनिटं लागतात आणि फिल्म खरवडायला फार तर एक दुपार. अग्निसुरक्षेतलं इतकं स्वस्त काम दुसरं क्वचितच असेल. आज जिथे बसून हे वाचताय, तिथूनच मान वर करून एकदा बघा: दुसरं दार दिसतंय का?